पहिल्या विधानसभेचे भाऊसाहेब

गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या पहिल्या विधानसभेची निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली. गोवा मुक्त होऊन तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. सभागृह लहानसे, अवघ्या तीस जागांचे होते. अठ्ठावीस गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. या तीस जणांच्या सभेला गोव्याच्या इतिहासात जेवढे मोठे ओझे उचलावे लागले, तेवढे नंतरच्या कुठल्याच विधानसभेवर आले नाही, असे आम्हांला वाटते. आणि त्या सभेचे नेते होते दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजे आपले भाऊसाहेब.

भाऊसाहेबांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. त्यांची जयंती आणि पुण्यतिथी दरवर्षी येते आणि भाषणे होतात. बहुजनांचा कैवारी, मराठी शाळांचा जनक, दानशूर खाणमालक ही विशेषणे सगळ्यांना पाठ आहेत आणि ती खोटीही नाहीत. पण १९६३ ते १९६६ या पहिल्या विधानसभेच्या तीन वर्षांकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. लोक एकदम सत्ताप्राप्तीवरून जनमत कौलावर उडी मारतात. आम्हांला ही मधली वर्षे महत्त्वाची वाटतात, कारण निवडून आलेल्या माणसाला लोकांनी नेमके कशासाठी निवडून दिले आहे, हा प्रश्न त्या वर्षांत भाऊसाहेबांपुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर त्यांना अगदी जाहीरपणे, मतपेटीतून ऐकावे लागले.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. पेडणे म्हणजे नव्या काबिजादीतला महाल. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादीत पोर्तुगीज सोळाव्या शतकातच आले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे भाग त्यांच्या हाती गेले ते अठराव्या शतकात. त्यामुळे इथली देवळे राहिली, कीर्तने आणि पुराणे राहिली, आणि पोथीपुराणांतून मराठी राहिली. जमिनी मात्र मोठ्या भाटकारांच्या. शेत कसणारा कूळ आणि भाटकाराच्या जागेत झोपडे बांधून राहणारा मुंडकार यांना मालकाच्या मर्जीवर दिवस काढावे लागत. मर्जी फिरली की घर सोडायचे. भाऊसाहेब वाढले ते हे सगळे पाहत.

ते गोमंतक मराठा समाजातले. या समाजाने देशाला थोर गायक-गायिका दिल्या, पण कैक पिढ्या तो देवळांच्या सेवेशी बांधला गेला होता आणि सामाजिक मान त्याला फार उशिरा, स्वतःच्या चळवळीच्या बळावर मिळाला. मुख्यमंत्री झालेल्या माणसाची ही पार्श्वभूमी आज आपण सहज वाचून जातो. १९६३ सालच्या गोव्यात ती सहज गोष्ट नव्हती. कोणी देवळात कुठपर्यंत जायचे, कोणी कोणाच्या पडवीत बसायचे हे ठरलेले असताना त्याच समाजरचनेच्या खालच्या बाजूने आलेला माणूस सर्वोच्च खुर्चीवर बसला. नुसत्या या गोष्टीने किती घरांत किती बदल झाला असेल, याचा हिशेब कुठल्या अहवालात सापडायचा नाही.

पैसा त्यांनी स्वतः मिळवला. व्यापारातून सुरुवात केली आणि खाणींच्या धंद्यात ते उभे राहिले. १९५० नंतर गोव्याच्या लोहखनिजाला जपानकडून मोठी मागणी आली, तेव्हा ज्यांनी वेळेवर हात घातला त्यांच्यात बांदोडकर होते. पैसा आल्यावर शाळांना, देवळांना, विद्यार्थ्यांना, खेळाडूंना आणि कलावंतांना त्यांचा हात सढळ राहिला. राजकारणात येण्याच्या आधीपासूनच गावोगाव त्यांचे नाव याच कारणाने पोहोचले होते. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. भाऊसाहेब मुक्तिलढ्यातले पुढारी नव्हते. तुरुंगवास, हद्दपारी भोगलेले लोक दुसरे होते आणि त्यांतले बरेच काँग्रेसमध्ये होते. १९६३ च्या निवडणुकीचे कोडे समजून घ्यायचे तर हे लक्षात ठेवावे लागते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आधी लष्करी प्रशासन, मग नायब राज्यपाल, मग १९६२ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका असा क्रम लागला. प्रौढ मतदान म्हणजे काय हे गोव्याने त्या पंचायत निवडणुकीत पहिल्यांदा अनुभवले. १९६३ मध्ये संसदेने केंद्रशासित प्रदेशांच्या कारभाराचा कायदा केला आणि विधानसभेचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला. नावातच कार्यक्रम होता, गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. निशाणी सिंहाची. दुसऱ्या बाजूला युनायटेड गोअन्स पक्ष उभा राहिला, त्याचे नेते डॉ. जॅक द सिक्वेरा. त्यांचे म्हणणे, गोवा वेगळा राहिला पाहिजे. आणि या दोघांच्या मध्ये काँग्रेस, स्वातंत्र्याचा पक्ष, नेहरूंचा पक्ष.

निकाल लागला तेव्हा गोव्यातल्या अठ्ठावीस जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नव्हती. तिला एक जागा मिळाली ती दमणची. मगो आणि त्याचे साथीदार मिळून सोळा, युनायटेड गोअन्स बारा, काँग्रेस एक, आणि दीवहून एक अपक्ष. लोकसभेच्या दोन जागाही विलीनीकरणाच्या बाजूने गेल्या. पणजीतून प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस आणि मुरगावातून मगोचे मुकुंद शिंक्रे. अल्वारिस ख्रिस्ती होते आणि विलीनीकरणाचे पुरस्कर्ते होते, हेही विसरू नये. त्या काळचे राजकारण हिंदू विरुद्ध ख्रिस्ती अशा एका रेघेत मांडायची सवय आपल्याला लागली आहे. प्रत्यक्षात ती रेघ अनेक ठिकाणी वाकलेली होती.

लढलेल्यांचा पक्ष हरला आणि न लढलेल्याचा जिंकला, असे का व्हावे? आम्हांला याचे उत्तर सरळ वाटते. स्वातंत्र्य आले, पण भाटकार तोच राहिला, सावकार तोच, गावच्या मानपानाची उतरंड तीच. काँग्रेसच्या पहिल्या फळीकडे पाहिल्यावर कुळाला आणि मुंडकाराला तिथे आपल्या मालकाचीच जातकुळी दिसली. सिंहाच्या निशाणीमागे मात्र त्याला आपला माणूस दिसला. विलीनीकरण झाले तर महाराष्ट्रातले कूळकायदे इथे लागू होतील, बहुजनांच्या मुलांना शिक्षण मिळेल, ही आशा त्या निशाणीला जोडलेली होती. म्हणजे विलीनीकरण हे अनेकांसाठी साधन होते. साध्य होते ते जमीन, शाळा आणि मान. सिंहावर शिक्का मारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात या दोन्ही गोष्टी सारख्याच वजनाच्या होत्या असे धरून चालणे, ही मगोच्या नेत्यांची मोठी गफलत ठरली.

२० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेबांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ते सार्वत्रिक निवडणुकीला उभेच राहिले नव्हते. पक्ष त्यांनी उभा केला, पैसा आणि श्रम त्यांनी घातले, पण स्वतः उमेदवारी घेतली नाही. आमदार नसताना मुख्यमंत्री झालेला माणूस सभागृहात बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. आणि सहा महिन्यांत त्याला निवडून यावे लागते. मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते सभागृहाचे सदस्य झाले. मंत्रिमंडळ अगदी आटोपशीर. त्यांच्याबरोबर विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस. सभापतिपदी स्वातंत्र्यसैनिक पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर यांची निवड झाली. विरोधी बाकांवर बारा जणांच्या पुढे डॉ. सिक्वेरा.

जागांचा हिशेब करून पाहिला म्हणजे या सरकारची नाजूक अवस्था कळते. सोळांतून एक सभापतीच्या खुर्चीवर गेला की खाली उरतात पंधरा. समोर विरोधक, काँग्रेस आणि अपक्ष मिळून चौदा. म्हणजे एक सदस्य आजारी पडला किंवा रुसला तरी श्वास अडकावा अशी स्थिती. असे सरकार तीन वर्षे टिकले. पुढच्या काळातले गोव्याचे राजकारण, रात्रीतून पालटणारे पाठिंबे, काही दिवसांची मुख्यमंत्रिपदे पाहिलेल्या आपल्या पिढीला याचे नवल वाटावे.

सभा भरत असे पणजीच्या जुन्या सचिवालयात, मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्यात. विजापूरच्या आदिलशहाचा वाडा, मग पोर्तुगीज गव्हर्नरांचे निवासस्थान, मग सचिवालय. ज्या इमारतीतून साडेचारशे वर्षे रयतेला विचारल्याशिवाय हुकूम निघाले, तिथे आता पेडण्या-सत्तरीतून आलेले लोक कायद्याच्या कलमांवर वाद घालू लागले. सदस्यांत वकील होते, डॉक्टर होते, शेतीवाडीचे लोक होते. काहींचे शिक्षण पोर्तुगीज लिसेवमध्ये, काहींचे मुंबईत, काहींचे गावच्या मराठी शाळेत झालेले. विधिमंडळाचे कामकाज कसे चालते हे यांतल्या कोणीही आधी जवळून पाहिलेले नव्हते. सालाझारच्या राजवटीत असे काही शिकायला मिळणारच नव्हते. प्रश्नोत्तरे, स्थगन प्रस्ताव, अर्थसंकल्पावरची चर्चा हे सगळे ते चुकतमाकत, एकमेकांना टोकत शिकले.

कामे काय झाली? सर्वांत मोठे काम १९६४ चा कृषी कूळ कायदा. कुळाला जमिनीवरून सहजासहजी हुसकावता येणार नाही आणि खंड मनमानी घेता येणार नाही, ही दोन संरक्षणे कुळांना या कायद्याने दिली. जमीन कुळाच्या मालकीची करण्याचा टप्पा बराच पुढे, १९७६ साली आला. मुंडकारांना घरातून काढण्यास बंदी करणारा कायदा १९७५ चा. ते दोन्ही भाऊसाहेबांच्या कन्येच्या, शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत झाले. पण पहिली कुदळ पहिल्या विधानसभेने मारली. कायद्याच्या अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, तंटे वर्षानुवर्षे मामलेदार कचेरीत पडून राहिले, हे खरे. तरीही मालकाच्या दारात उभे राहून कूळ कायद्याचे नाव घेऊ लागले, ही नवी गोष्ट होती.

दुसरे काम शाळांचे. पोर्तुगीज अमलात सरकारी प्राथमिक शिक्षण पोर्तुगीज भाषेत होते; मराठी शाळा चालत त्या देणगीदारांच्या, देवस्थानांच्या आणि हौशी मास्तरांच्या जिवावर. कितीतरी गावांत शाळा म्हणजे देवळाचा सभामंडप. मुक्तीनंतर सरकारी मराठी शाळा उघडू लागल्या आणि भाऊसाहेबांच्या सरकारने ते काम जोमाने रेटले. रस्ता नसलेल्या वाड्यांवर शाळा गेल्या. मास्तरांची कमतरता होती, म्हणून शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातून, कोल्हापूरकडून शिक्षक आले. आपल्या मंडळाच्या अनेक घरांचे मूळ याच शिक्षकांच्या येण्यात आहे. ज्यांच्या आधीच्या पिढीने अक्षर गिरवले नव्हते अशी मुले शिकली, त्यांतून कारकून, नर्स, शिक्षक, पुढे अधिकारी झाले. भाऊसाहेबांचे खरे स्मारक शोधायचे तर अशा माणसांच्या घरांत शोधावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ.

विलीनीकरणाच्या नावाने बहुमत मिळवलेल्या पक्षाने ते मागितले नसते तर त्याला अर्थच उरला नसता. १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव मंजूर केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही तसा ठराव केला. म्हैसूर राज्याने याला विरोध केला. त्यांचाही गोव्यावर दावा होता. मगोचे म्हणणे असे की लोकांनी आम्हांला याच मुद्द्यावर निवडून दिले, सभागृहाने ठराव केला, आता दिल्लीने विलीनीकरण करावे. लोकशाहीत निवडणुकीहून मोठा कौल तो कोणता?

डॉ. सिक्वेरांनी नेमके इथे बोट ठेवले. पाच वर्षांसाठी निवडलेले तीस जण भूमीचे कायमचे भवितव्य ठरवू शकतात का? सरकार बदलता येते, कायदा रद्द करता येतो. एकदा विलीन झालेला प्रदेश परत वेगळा होत नाही. तेव्हा हा प्रश्न आमदारांना विचारू नका, एकेका मतदाराला विचारा, ही त्यांची मागणी. नेहरूंनी आधीच सांगून ठेवले होते की गोव्याचे वेगळेपण गोमंतकीयांच्या इच्छेविरुद्ध मोडले जाणार नाही. नेहरू १९६४ मध्ये गेले, शास्त्रीजी १९६६ च्या आरंभी गेले, आणि निर्णय इंदिरा गांधींच्या सरकारकडे आला. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत जनमत घेण्यासाठी खटपट केली. गोव्यात एकही जागा न मिळालेल्या पक्षाच्या माणसाने गोव्याच्या भवितव्यावर असा परिणाम करावा, हा राजकारणातला एक विचित्र योग.

अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. आमच्या मते डॉ. सिक्वेरांचा मुद्दा तत्त्वाने बरोबर होता, आणि हे आम्ही मराठी मंडळाच्या वतीने लिहितो आहोत याची आम्हांला पूर्ण जाणीव आहे. निवडून आलेल्या सभेला राज्य चालवण्याचा अधिकार असतो. घर कोणाच्या नावावर करायचे हे विचारायला घरातल्या सगळ्यांनाच बसवावे लागते.

बेळगावच्या आपल्या बांधवांना हे वाचताना काय वाटेल याची कल्पना आहे. याच सुमारास, ऑक्टोबर १९६६ मध्ये, सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. गोव्याला मतपेटी मिळाली, सीमाभागाला आयोग. त्या फरकाचे दुःख सीमाभाग आजही भोगतो आहे.

मगोचे सरकार असताना कौल घेतला तर तो निःपक्षपाती होणार नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. ३ डिसेंबर १९६६ रोजी भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, पहिली विधानसभा संपली आणि राष्ट्रपती राजवट आली. कारभार नायब राज्यपाल के. आर. दामले यांच्याकडे गेला. हाती असलेली सत्ता, तीही असल्या काठावरच्या बहुमताने तीन वर्षे सांभाळलेली, भाऊसाहेबांनी सोडली. काही लेखक याला त्याग म्हणतात. आम्ही तेवढे पुढे जाणार नाही. कौल आपल्याच बाजूने लागणार याची त्यांना खात्री होती, आणि जिंकल्यावर कोणी निकालाला नावे ठेवू नयेत हा हिशेबही त्यात असणार. पण खात्री असलेले सगळेच पुढारी खुर्ची सोडतात असे नाही. कारण काहीही असो, सत्ता सोडून लोकांपुढे गेले हे खरे.

मग आली १६ जानेवारी १९६७. मतपत्रिकेवर दोन चिन्हे. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. प्रचाराचे ते दिवस पाहिलेले लोक अजून आपल्यात आहेत. एकाच घरात बाप फुलाचा, मुलगा पानांचा. एकाच देवळाच्या उत्सवात दोन तट. दैनिक ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, मडगावचे ‘राष्ट्रमत’ विरोधात. ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होते हे विशेष. कोकणीच्या आणि वेगळ्या गोव्याच्या बाजूचा युक्तिवाद हिंदू घराघरांत पोहोचला तो मराठीतून, उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ या सदरासारख्या लेखनातून. कारण त्या घरांत वाचायची भाषा मराठीच होती. बोलायची कोकणी, वाचायची मराठी, असा आपला जुना संसार. विलीनीकरणवाद्यांनी मराठी वाचणारा तो आपला असे गृहीत धरले. तो वाचत होता मराठी, पण विचार स्वतःचा करत होता.

विचार कशाचा? नोकऱ्यांचा. मुक्तीनंतर बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांनी अनेकांना दुखावले होते. विलीन झालो तर सगळीच पदे मुंबईहून भरली जातील ही भीती होती. महाराष्ट्रात दारूबंदी होती, इकडे माडा-काजूवर हजारोंची पोटे चालत. शेजारचे सावंतवाडी, वेंगुर्ले डोळ्यांसमोर होते. मोठ्या राज्याच्या टोकाला पडलेल्या तालुक्यांकडे मुंबई किती लक्ष देते हे लोक बघत होते. आणि आपली बोली, आपली रीत मोठ्या घरात विरघळून जाईल ही भावना. महाराष्ट्राच्या नेत्यांनी आश्वासने दिली, पण उशिरा दिली.

निकाल असा लागला. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मते, बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या त्या वेळी सुमारे ३८ टक्के. विरोधात पडलेली मते वैध मतांच्या ५५ टक्क्यांवर. तेव्हा ढोबळ हिशेबानेही दिसते की हिंदू मतदारांपैकी बराच मोठा हिस्सा दोन पानांकडे गेला. १९६३ मध्ये सिंहावर शिक्का मारलेल्या कित्येक हातांनी तीन वर्षांनी फुलाला नकार दिला.

पक्षाच्या नावातला कार्यक्रमच लोकांनी नाकारला, तेव्हा पक्ष संपला असेच कोणीही म्हटले असते. भाऊसाहेबांनी निकाल मान्य केला. मते फिरवली गेली, लोक फसले अशा तक्रारींत ते अडकले नाहीत. कार्यकर्त्यांना घेऊन ते थेट पुढच्या निवडणुकीला लागले. २८ मार्च १९६७ रोजी, म्हणजे कौलानंतर अडीच महिन्यांच्या आत, विधानसभेची निवडणूक झाली. मगोला पुन्हा सोळा जागा, युनायटेड गोअन्सला पुन्हा बारा. भाऊसाहेब एप्रिलमध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, डॉ. सिक्वेरा समोरच्या बाकावर.

एवढा स्वच्छ जबाब मतदाराने क्वचितच दिला असेल. जानेवारीत तो भाऊसाहेबांना नाही म्हणाला आणि मार्चमध्ये हो म्हणाला, आणि दोन्ही वेळा तो शुद्धीवर होता. गोवा वेगळा हवा, आणि त्या वेगळ्या गोव्याचा कारभार भाऊसाहेबांनीच करावा. पहिल्या विधानसभेच्या काळात हे दोन प्रश्न एकात एक गुंतले होते. ते लोकांनी हाताने सोडवून दिले. आमच्या लेखी भाऊसाहेबांचा मोठेपणा त्यांनी ते सोडवलेले सूत ओळखले यात आहे. त्यांच्या पुढच्या कारभारात विलीनीकरणाचा विषय मागे पडला आणि शाळा, रस्ते, आरोग्य, कला, खेळ यांवर भर राहिला. १९७० मध्ये कला अकादमी सुरू झाली. नाटक, भजन आणि संगीत हे भाऊसाहेबांच्या जिव्हाळ्याचे विषय होते.

ते निर्दोष होते असे नाही. पक्ष बराचसा त्यांच्या एकट्याच्या शब्दावर चालत असे, आणि १९७० मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी बंड केले ते यामुळेच. गंमत अशी की तेव्हा सरकार वाचले ते विरोधी बाकांवरून आलेल्या पाठिंब्याने. ज्यांच्याशी जनमत कौलात कडाडून लढले, त्यांच्यातलेच काही मदतीला आले. तीस जणांच्या सभागृहात सगळे सगळ्यांना घरगुती ओळखतात, त्याचाही यात भाग असावा. १९७२ च्या निवडणुकीत मगोला अठरा जागा मिळाल्या. याच निवडणुकीतून प्रतापसिंह राणे भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळात आले आणि पुढे तेही दीर्घकाळ मुख्यमंत्री राहिले.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, पदावर असतानाच, भाऊसाहेबांचे निधन झाले. वय बासष्ट. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे आणि पणजीत मांडवीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्यांच्यामागून शशिकलाताई मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत राहिल्या. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळाले. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला. १९६७ मध्ये फूल आणि पाने यांत वाटल्या गेलेल्या घरांतली माणसे त्या भाषेच्या वादातही पुन्हा दोन बाजूंना उभी राहिली, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते. म्हणजे १९६३ मध्ये पहिल्या विधानसभेसाठी मत दिलेले आपले सभासद आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या घरच्यांना आमची विनंती आहे की त्यांनी कोणत्या चिन्हावर शिक्का मारला, का मारला, त्या दिवशी केंद्रावर कोण कोण होते, हे त्यांना विचारून लिहून मंडळाकडे द्यावे. फुलाचे असोत की पानांचे, दोन्ही बाजूंचे लेखन आम्ही सारख्याच आस्थेने छापू.